आजारपणात तीच जुनी प्रेमकथा पुन्हा पुन्हा का बघावीशी वाटते? समजून घ्या त्यामागचं कारण

डायलिसिस असो की केमोथेरपी, लांबलेल्या उपचारांत अनेक रुग्ण नवी वेब सीरिज सोडून आधी पाहिलेली मालिकाच पुन्हा लावतात. हा निव्वळ वेळ घालवण्याचा प्रकार आहे, की त्यातून खरंच काही मिळतं?

हिमोडायलिसिस घेणाऱ्या रुग्णाचं गणित साधं असतं. आठवड्यातून साधारण तीन वेळा जायचं, प्रत्येक वेळी सुमारे चार तास बसायचं. म्हणजे आठवड्याला १२ तास आणि वर्षाला ६०० पेक्षा जास्त. फिस्टुला असलेला हात या काळात हलवायचा नाही. दुसरा हात मोकळा असतो आणि त्यात मोबाइल असतो. जाहिराती वगळल्या तर मालिकेचा एक भाग २०-२२ मिनिटांचा. चार तासांत दहा-अकरा भाग आरामात होतात.

आता प्रश्न येतो, बघायचं काय? इथे अनेकांची बोटं ओळखीच्या नावाकडे वळतात. २०१२ मधली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’, लग्नाचं नाटक करता करता खरंच प्रेमात पडणारे घना आणि राधा. किंवा २०१३ मध्ये सुरू झालेली ‘होणार सून मी ह्या घरची’, श्री आणि जान्हवी. घरचे म्हणतात, “अगं, पुढे काय होतं ते तुला पाठ आहे की!” गंमत अशी, की पाठ असणं हीच यातली मुख्य सोय आहे.

शेवट माहीत असलेली गोष्टच का हवी?

गंभीर आजारात सगळ्यात जास्त थकवते ती अनिश्चितता. पुढचा स्कॅन कसा येईल, क्रिएटिनिन किती असेल, औषध लागू पडेल का, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. अशा दिवसांत जिथे पुढे काय होणार हे पक्कं ठाऊक आहे, अशी एखादी जागा मिळणं मोठी गोष्ट असते. घना-राधा भांडतील, गैरसमज होतील, पण शेवटी ते एकत्र येणार. त्यांच्या भांडणाचं टेन्शन येतं, पण ते उशीपर्यंत सोबत येत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसमधल्या निकोलस क्रिस्टेनफेल्ड आणि जोनाथन लेव्हिट यांचा २०११ मधला एक अभ्यास याबाबत गाजला. शेवट आधीच सांगितलेल्या कथा वाचकांना जास्त आवडल्याचं त्यात दिसलं. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निष्कर्ष आले, त्यामुळे हा काही नियम नाही. पण शेवट कळला म्हणजे मजा संपली, असं सरसकट म्हणता येत नाही.

२०१२ मध्ये क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही यांनी एक वेगळा प्रश्न हाताळला. लोक तेच पुस्तक, तोच सिनेमा, तीच जागा पुन्हा का निवडतात? त्यासाठी त्यांनी लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. जुन्या आठवणी हे एक कारण होतंच. त्याशिवाय मधल्या काळात आपण किती बदललो, हेही लोकांना त्यातून उमगत होतं. आजारी माणसाला हे फार लागू पडतं. गोष्ट तीच असते, बघणारी व्यक्ती मात्र आता ऑपरेशनच्या पलीकडे आलेली असते.

आणखी एक साधं कारण आहे. केमोथेरपीच्या काळात अनेकांना लक्ष लागत नाही, नावं आठवत नाहीत. याला बोलीभाषेत ‘केमो ब्रेन’ म्हणतात. नव्या थ्रिलरमधला एक धागा सुटला की सगळंच कोडं होतं. पाठ असलेल्या मालिकेत मध्येच डोळा लागला तरी काही बिघडत नाही.

पडद्यावरची माणसं ‘आपली’ कशी होतात?

मानसशास्त्रात याला ‘पॅरासोशल’ नातं म्हणतात, म्हणजे एकतर्फी ओळख. आपण त्यांना ओळखतो, ते आपल्याला ओळखत नाहीत. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये, टीव्ही घराघरांत नुकता शिरत असताना, ही संकल्पना मांडली. पुढे २००९ मध्ये जेय डेरिक, शिरा गेब्रियल आणि कर्ट ह्युगेनबर्ग यांच्या अभ्यासात असं दिसलं, की आवडत्या कार्यक्रमामुळे एकटेपणाची भावना काही काळ तरी निवते.

गंभीर आजारात ओळखीचं वर्तुळ आक्रसतं. प्रतिकारशक्ती कमी असल्याने गर्दी टाळायची असते. नोकरी सुटलेली असते. भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, “रिपोर्ट काय आला?” जान्हवी हा प्रश्न विचारत नाही. तिच्यासमोर चेहरा हसरा ठेवावा लागत नाही.

मग प्रेमकथाच का?

हा भाग फारसा बोलला जात नाही. आजारात शरीर तपासण्यांची वस्तू होऊन जातं. सुया, नळ्या, वजनाचा काटा. केस जातात, स्तन काढावा लागतो, पोटावर पिशवी येते. आपण पुन्हा कुणाला आवडू का, हा प्रश्न पन्नाशीतल्या बाईलाही पडतो आणि पंचविशीतल्या मुलालाही. आपल्याकडे तो डॉक्टरांना विचारायची पद्धत नाही, नवऱ्याला किंवा बायकोला तर त्याहून नाही.

प्रेमकथा या प्रश्नाला उत्तर देत नाही, पण तो मनात येऊ देते. कुणाच्या तरी येण्याने कुणाचा तरी चेहरा उजळतो, हे बघताना आपल्यातलंही काहीतरी जागं होतं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये सून पुढाकार घेऊन आपल्या सासूचं, आसावरीचं, लग्न लावून देते. प्रेमाला वयाची अट नाही, हे तिथे दिसतं. ती बघणाऱ्या रुग्णाला पुढचं वाक्य स्वतःच सुचतं, आजाराचीही नाही.

मालिकेने वेदना कमी होते का?

काही प्रमाणात आणि काही वेळापुरती होऊ शकते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. वेदनेचे संदेश मज्जारज्जूत एका प्रकारच्या ‘फाटका’तून जातात आणि ते फाटक किती उघडायचं यावर मेंदूचाही प्रभाव असतो, असं तो सांगतो. म्हणूनच लक्ष दुसरीकडे गुंतलं की तीच सुई कमी टोचते. लहान मुलांना इंजेक्शन देताना कार्टून दाखवतात ते याचसाठी.

अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स यांचं उदाहरण यात नेहमी दिलं जातं. १९६४ मध्ये ते सांध्यांच्या गंभीर आजाराने अंथरुणाला खिळले. ते मार्क्स ब्रदर्सचे विनोदी सिनेमे आणि ‘कँडिड कॅमेरा’ हा टीव्ही कार्यक्रम बघत. दहा मिनिटं खळखळून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा अनुभव त्यांनी १९७६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिला. पण हा एका माणसाचा अनुभव आहे, पुरावा नव्हे. मालिका बघून कॅन्सर जात नाही, किडनी सुरू होत नाही. औषधाची वेळ चुकवून एपिसोड पूर्ण करणं हा तर सरळ तोटाच.

‘उद्या रात्री आठ वाजता’

चालू असलेल्या मालिकेचं काम जरा निराळं असतं. उपचारांचं कॅलेंडर आजाराने भरलेलं असतं. त्यात उद्या रात्री आठ वाजता असं एक काम असतं, ज्याचा आजाराशी संबंध नाही. उद्याची वाट बघायला छोटंसं कारण मिळतं.

म्हणूनच मालिका अचानक बंद झाली की ती जिव्हारी लागते. आवडती पात्रं पडद्यावरून जाण्याच्या कल्पनेने प्रेक्षकांना होणाऱ्या त्रासाचा अभ्यास जोनाथन कोहेन यांनी २००४ मध्ये केला. त्यांनी त्याला ‘पॅरासोशल ब्रेकअप’ म्हटलं. मार्च २०२० मध्ये शूटिंग थांबलं, तेव्हा घरोघरी याचा सौम्य अनुभव आला होता.

ज्यांच्याकडे थोडेच दिवस आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न आणखी टोकदार होतो. मालिकेचा शेवट बघायला आपण असू का? ब्रिटनमध्ये आधुनिक हॉस्पिस चळवळ उभी करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी ‘टोटल पेन’ हा शब्द दिला. वेदना शरीराची असते तशीच मनाची, नात्यांची आणि अर्थ शोधण्याचीही असते, असा त्याचा आशय. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं ‘शांती अवेदना सदन’ हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. या विचाराने पाहिलं, तर रुग्णाने संध्याकाळी टीव्ही लावायला सांगणं हीसुद्धा ऐकून घेण्याजोगी गरज ठरते.

आवडती मालिकाही नकोशी झाली तर?

याकडे मात्र लक्ष द्या. थकव्यामुळे एखाद-दोन दिवस काही बघावंसं न वाटणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे, जवळपास रोज, ज्यात पूर्वी मन रमायचं त्यातही रस वाटत नसेल किंवा सतत उदास वाटत असेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. नैराश्याच्या प्राथमिक चाचणीत डॉक्टर नेमके हेच दोन प्रश्न विचारतात. ‘एवढा मोठा आजार आहे, उदास वाटणारच’ म्हणून ते सोडून देऊ नका. नैराश्यावर वेगळे उपचार होतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

घरच्यांनी काय करावं?

• ‘काय तेच तेच बघतेस’ हे वाक्य टाळा. त्याऐवजी शेजारी बसून एक भाग बघा. आजाराशिवाय दुसरा विषय बोलायला मिळेल.
• रुग्णालयात नेट मिळेलच असं नाही. घरीच वाय-फायवर भाग डाउनलोड करून ठेवा. चार्जर आणि इअरफोन बॅगेत टाका. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण झोपलेला असू शकतो.
• मालिकेत आजारपण किंवा मृत्यूचा ट्रॅक येणार असेल तर आधी सांगा. तो बघायचा की पुढे ढकलायचा, हे रुग्णाला ठरवू द्या.
• मालिकेतल्या वैद्यकीय चमत्कारांवरून आशा किंवा भीती बांधू नका. शंका डॉक्टरांनाच विचारा.
• रात्री झोपेची वेळ पाळा. ‘पुढचा भाग’ आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद करता येते.

आणि शेवटचं. रुग्ण मालिका बघताना एकटाच हसत असेल, तर लगेच ‘आता कसं वाटतंय?’ असं विचारू नका. काही मिनिटं तो आजारी नाही. तेवढी त्याला असू द्या.