डोळे मिचकावणारे मूल आणि फळांची परडी

खेळतेबागडते मूल एकाएकी डोळे मिचकावू लागते, मान झटकते, उगाच घसा खाकरते. घरची वडीलधारी मंडळी त्याला ‘खोड’ म्हणतात आणि रागावतात. वस्तुतः या हालचाली मुलाच्या स्वाधीन नसतात. वैद्यकात त्यांना ‘टिक’ म्हणतात. जील द ला तूरेत या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास याचा आरंभ होतो, दहाव्या-बाराव्या वर्षी जोर चढतो आणि पुढे पुष्कळ मुलांत तो ओसरतो.

अशा मुलाला फळे कोणती द्यावीत? टिक बरे करणारे फळ अद्याप कोणास गवसलेले नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. टिक आपोआपच कमीजास्त होतात. पपई सुरू केली त्याच आठवड्यात मान झटकणे थांबले, की श्रेय बिचाऱ्या पपईच्या पदरात पडते!

तरीही फळांचे महत्त्व आहेच. काही औषधांनी मलावरोध होतो. तेथे पेरू, पपई उपयोगी. आमच्या माळव्यात हिवाळ्यात पेरूंची रेलचेल असते. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. संत्र्यात त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल चालू असल्यास भूक व वजन वाढू शकते. तेव्हा रसाचा पेला न देता अख्खे फळ द्यावे. रसात साखर तेवढी राहते, चोथा जातो. चहा-कोलातील कॅफिनने काही मुलांचे टिक वाढल्याचे पालक सांगतात. सर्वांविषयी तसे सिद्ध झालेले नाही, पण लहान मुलाला चहा हवाच कशाला?

खरी सावधगिरी हवी ती ग्रेपफ्रूटविषयी. टिकवर दिल्या जाणाऱ्या पिमोझाइड या औषधाचे शरीरात विघटन करणाऱ्या द्रव्याला हे फळ अडविते. औषध रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका उद्भवतो. फळाचा परिणाम एक दिवसाहूनही अधिक टिकतो, म्हणून सकाळी फळ व रात्री गोळी ही युक्ती चालत नाही. त्याच्याच जातकुळीतील पपनसही टाळावे. ग्वानफासिन घेणाऱ्यांनाही ग्रेपफ्रूट वर्ज्यच. नेहमीच्या संत्र्याला मात्र ही आडकाठी नाही. औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना फळांविषयी विचारावे.

मान जोराने झटकणाऱ्या लहान मुलाला बोरे, जांभळे बिया काढून आणि द्राक्षे उभी चिरून द्यावीत.