राखणदार गप्प राहिले ते दशक

2025 साली निसियाच्या परिषदेला 1700 वर्षे झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस पोप लिओ तुर्कस्तानातल्या इझ्निकला, म्हणजे जुन्या निसियाला, जाऊन आले. जगभर परिसंवाद झाले, विशेष उपासना झाल्या. आमच्या सेलूत ख्रिस्ती घरे मोजकी. मोठ्या उपासनेला वर्धा नाहीतर नागपूर गाठावे लागते. तरी त्या वर्षी निसियाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणताना लोकांचा आवाज नेहमीपेक्षा ठाम लागला आणि मला बरे वाटले. ते समाधान फार टिकले नाही. थोड्याच दिवसांनी मंडळीतल्या एका तरुणाने मोबाइलवर एका प्रचारकाचे भाषण दाखवले. अमुक रक्कम पाठवा, कर्ज फिटेल. विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, असा त्याचा सूर. हे खोटे आहे, असे मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "काका, खोटं असतं तर पाळकसाहेबांनी कधी तरी सांगतलं नसतं काय?"

पोराचे म्हणणे बिनतोड होते. त्याच्या उभ्या आयुष्यात वेदीवरून कोणी तसे सांगितलेच नव्हते. ते का सांगितले गेले नाही, याचा हा मागोवा.

खोटी शिकवण रोखण्याचे, मंडळीच्या वडिलांचे आणि पाळकांचे हे काम काही आजचे नाही. इफिसच्या वडिलांना मिलेतला बोलावून पौलाने निरोप घेतला, तेव्हा त्याने त्यांना दोन धोके सांगितले: बाहेरून लांडगे शिरतील आणि तुमच्यातलेच काही उठून विपरीत बोलू लागतील. तीताला लिहिताना त्याने वडिलांच्या पात्रतेतच अट घातली, की त्याला नीट शिकवताही आले पाहिजे आणि उलट शिकवणाऱ्याला उत्तरही देता आले पाहिजे. अँग्लिकन परंपरेत दीक्षाविधीच्या वेळी, चुकीची आणि परकी शिकवण दूर करायला तू तयार आहेस का, असे उमेदवाराला भर मंडळीत विचारतात आणि तो हो म्हणतो. हा होकार एका दिवसापुरता नसतो.

निसियात जमलेल्या बिशपांनी तो होकार निभावला. आरियस हा अलेक्झांड्रियातला लोकप्रिय उपदेशक. पुत्र अनादी नाही, तो निर्माण केलेला आहे, ही त्याची शिकवण ग्रंथांपेक्षा गाण्यांतून पसरली; खलाशी आणि दळण दळणारे ती गाणी म्हणत. ती शिकवण नाकारणाऱ्या त्या परिषदेत अथनासियस साधा डीकन म्हणून हजर होता. पुढे तो बिशप झाला आणि सम्राटांची मर्जी फिरली तशी त्याच्या वाट्याला पाच वेळा हद्दपारी आली. शिकवणीची राखण करणाऱ्याला किंमत मोजावी लागते, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या भागात हे काम करणारी माणसे होऊन गेली. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. 1863 साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुरात त्यांचा अंत झाला. टाकळघाट सेलूपासून फार लांब नाही. पाळक, शिक्षक आणि भूवैज्ञानिक अशा तिन्ही नात्यांनी हा माणूस जगला, आणि देवाचे वचन व निसर्गाचा अभ्यास यांत त्याला भांडण दिसले नाही. त्याच स्कॉटिश मिशनने नागपुरात स्त्रियांसाठी म्युअर मेमोरियल हॉस्पिटल उभारले. रोग्यासाठी प्रार्थना करायची आणि त्याच हाताने औषधही द्यायचे, ही आमच्या पूर्वजांनी घालून दिलेली रीत. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला तो 1893 साली, राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत. पुढे त्यांनी 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू सांभाळली. 1842 पासून चाललेल्या त्या पत्रात मतभेद उघड छापले जात. वाद झाला तर लेखणीने व्हायचा आणि वाचक शहाणा व्हायचा.

सगळेच पुढारी बरोबर होते असेही नाही. 1930 साली कायदेभंगाची चळवळ ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध आहे, असे कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट म्हणाले. त्यांना उत्तर दिले जे. सी. कुमारप्पा या सामान्य ख्रिस्ती माणसाने. पुढे हेच कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम करत बसले. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात असताना त्रैक्यासारख्या मोठ्या विषयांवर आपल्या गुरुजनांना प्रश्न विचारले आणि कोणाच्या दडपणाखाली मान डोलावली नाही. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करणे म्हणजे राखण नाही. भोळ्या माणसाची फसवणूक होत असताना मध्ये उभे राहणे, ही राखण.

पुढची वर्षे भराभर ओलांडतो. 1956 साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल आला. तेव्हा वर्धा मध्य प्रदेशात होते आणि नागपूर राजधानी. त्या अहवालाने ख्रिस्ती लोक इतके बिचकले, की घरातले दोष घरातही बोलायचे नाहीत अशी सवय लागली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तो दिवस मोठा होता. त्यानंतरची दोन दशके मात्र मला मालमत्ता, बदल्या आणि कमिट्यांच्या निवडणुका यांसाठीच आठवतात. त्यांवर शाई खर्च करत नाही. एकच घटना सांगतो, कारण तिची झळ आम्हाला बसली. 1953 पासून यवतमाळला असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला गेली. पुण्यात ती वाढली, ते चांगलेच झाले. पण शास्त्र नीट शिकलेली आणि वऱ्हाडी माणसाला कळेल असे बोलणारी माणसे आमच्या हाकेच्या अंतरावरून गेली. ती जागा रिकामी राहिली आणि रिकाम्या जागेत कोण येते, ते आम्ही पुढे एका दशकात पाहिले.

ते दशक 2001 ते 2011 चे. मी ते कापसाच्या गावांत राहून पाहिले आहे. कापसाची एकाधिकार खरेदी मोडकळीला आली होती. 2002 मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाली, खर्च वाढला आणि भावाची मात्र हमी राहिली नाही. सोसायटीचे कर्ज, सावकाराचे कर्ज, कृषी केंद्राची उधारी. पेपर उघडला की आत्महत्येची बातमी. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आमच्या जिल्ह्यातल्या वायफडला आले आणि वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. गावात लोक एकमेकांना विचारत, आपल्या हाती काय पडेल?

नेमक्या याच वर्षांत समृद्धीची सुवार्ता आमच्याकडे आली. तिचे मूळ अमेरिकेत, ओरल रॉबर्ट्स यांच्या 'विश्वासाचे बी' या कल्पनेत: देवाच्या सेवकाला पैसा द्या, तो शंभरपट परत येईल. केबल आणि डिशवरून ती घराघरांत शिरली. फेब्रुवारी 2004 मध्ये बेनी हिन यांची मुंबईत अफाट सभा झाली, आणि त्या सभेच्या सीडी आमच्या गावापर्यंत पोचल्या. मग त्या साच्याचे छोटे प्रचारक तालुक्या-तालुक्यांत मांडव टाकू लागले.

अशा एका मांडवात वाटलेले पाकीट मी हातात घेऊन पाहिले आहे. पिवळसर कागद, वर गव्हाच्या ओंबीचे चित्र. खाली चार ओळी: नाव, गाव, गरज, बियाण्याची रक्कम. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना लिहिता येत नव्हते, त्यांनी पाकीट माझ्यापुढे केले आणि म्हणाल्या, "भाऊ, गरज लिवा. सोसायटीचं कर्ज, अन् पोरीचं लगन." मी लिहिले, आणि पैसे टाकू नका असे त्यांना हळूच सांगितले. त्यांनी लुगड्याच्या ओच्यातून नोटा काढून पाकिटात घातल्याच. ते पैसे पीककर्जातले होते, हे मला मागाहून कळले. त्या साली त्यांच्या वावरात जे पिकले ते पिकले. पाकिटातले बी उगवले नाही. महिन्याभराने प्रचारकाच्या माणसाने त्यांना कारण सांगितले, की तुमचा विश्वास कमी पडला. कर्जाच्या डोक्यावर हा दोषही त्यांनी वाहिला. मला त्या पैशांपेक्षा हे वाक्य अधिक क्रूर वाटते.

दुसरे नुकसान अंगावर उमटले. मंडळीतले एक वृद्ध गृहस्थ, साखरेचा जुना आजार. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, तू बरा झालास असे जाहीर झाले, साक्ष द्यायला त्यांना पुढे उभे केले. भर मांडवात साक्ष दिल्यावर परत गोळी घेणे त्यांना देवाचा अपमान वाटू लागले. पायाच्या जखमेला वास सुटला तेव्हा मुलांनी त्यांना सेवाग्रामला नेले. डॉक्टरांनी जीव वाचवला, पाय वाचला नाही. ज्या मिशनच्या बायांनी या मातीत दवाखाना उभा केला, त्यांच्याच वारसांना कोणी तरी येऊन शिकवून गेले, की औषध म्हणजे अविश्वास. त्यानंतरच्या रविवारीही त्यावर उपदेश झाला नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना मात्र झाली.

बोगस बियाणे विकले तर कृषी खात्याचा माणूस येतो, नमुना घेतो, पोती सील करतो. विश्वासाचे बोगस बी विकले जात असताना सील करायचे काम ज्यांचे, ते पाहुण्याच्या शेजारी खुर्च्यांवर बसले होते.

त्या काळात मी बैठकांमध्ये हा विषय काढला. मिळालेली उत्तरे आजही जशीच्या तशी आठवतात. पहिले उत्तर: माणसे येत आहेत, तरुण येत आहेत, कशाला मोडता घालता? गर्दी आरियसकडेही होती. दुसरे: बाहेर आपल्यावर डोळा ठेवून असलेले लोक पुष्कळ आहेत, आपली भांडणे त्यांना कशाला दाखवायची? झाकलेली जखम चिघळते, हे ज्यांना कळायला हवे त्यांनीच हे उत्तर दिले. तिसरे उत्तर सर्वांत जास्त लागले: तुम्ही आत्म्याच्या कामात आडकाठी आणता. आजारी माणसाला गोळी घ्या म्हणणारा अविश्वासू ठरला आणि त्याची गोळी बंद करणारा अभिषिक्त. बिरुयाचे लोक पौलाचा उपदेशही शास्त्राशी ताडून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली आहे. आमच्याकडे ताडून पाहणाऱ्याचे नाव पुढच्या कमिटीतून गळत असे.

बाहेरचे जग तोवर बोलू लागले होते. 2007 मध्ये अमेरिकेत सिनेटर ग्रासली यांनी बेनी हिन यांच्यासह सहा दूरदर्शन-प्रचारकांकडे पैशांचा हिशेब मागितला. 2010 साली केप टाउनला जमलेल्या जगभरच्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी समृद्धीच्या शिकवणीचा अतिरेक लेखी नाकारला. 2013 मध्ये डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखणे त्या कायद्याने गुन्हा ठरले. आणि 2019 मध्ये खुद्द बेनी हिन यांनी पैसे मागण्याच्या या शिकवणीकडे पाठ फिरवत असल्याचे जाहीर केले. शिकवणाऱ्याने शिकवण मागे घेतली तरी आमच्या पुढाऱ्यांनी ती चूक होती असे म्हटल्याचे माझ्या कानी आलेले नाही. वडिलांनी मायेने करायचे काम अखेर फौजदाराकडे गेले.

त्या दशकात आम्ही आणखी पुष्कळ गमावले. दृढीकरणाचा वर्ग पूर्वी महिनोन्‌महिने चाले. प्रश्नोत्तरे पाठ होत, अर्थ समजावला जाई. आता तो दोन-तीन शनिवारांत उरकतात. 'उपासना संगीत' कपाटात गेले. टिळकांच्या, कृष्णराव सांगळ्यांच्या पदांतून निरक्षर माणूसही ख्रिस्त कोण हे शिकत असे. अभंगाच्या चालीवर सिद्धांत ओठांत बसे. आताच्या पुष्कळ गाण्यांत मला दे, मला उचल, माझे भाग्य पालट, एवढेच येते. पाळक घरी येत, चुलीजवळ बसत, काय वाचता, कोणाचे ऐकता असे विचारत. ती विचारपूस थांबली आणि तिची जागा मोबाइलने घेतली.

आता दिवस अधिक नाजूक आहेत. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात धर्मांतरविरोधी कडक कायदा आणणार असल्याचे राज्य सरकारने सांगितले. अशा वेळी एका प्रचारकाने दिलेले आरोग्याचे खोटे वचन त्याच्यापुरते राहत नाही. गावातल्या प्रत्येक गरीब ख्रिस्ती घराकडे संशयाने पाहिले जाते. आमिषाचा आरोप ऐकून आम्हाला राग येतो, आणि प्रामाणिक सेवकांच्या बाबतीत तो राग रास्त आहे. पण पाकिटावर गव्हाची ओंबी छापून शंभरपटीचे वचन देणे हे आमिषच आहे, आणि ते आमच्याच माणसांना दाखवले गेले. हे आम्ही स्वतः म्हटले असते, तर आज आमच्या शब्दाला वजन असते.

पुढाऱ्यांकडे माझे मागणे साधे आहे. कोणालाही वेदीवर उभे करण्याआधी तो काय शिकवतो ते तपासा. औषध बंद करायला सांगणाऱ्याला त्याच मांडवात, त्याच वेळी थांबवा. मतांगीकार मुलांना नुसता म्हणायला लावू नका, तो समजावून द्या. ज्यांची फसवणूक झाली त्यांच्या घरी जा आणि तुमचा विश्वास कमी नव्हता असे त्यांना सांगा. आणि वाचकहो, तुम्ही कोणत्याही मंडळीचे असा, येत्या रविवारी उपासना संपल्यावर आपल्या पाळकांना दारात गाठा आणि विचारा: दीक्षेच्या दिवशी भर मंडळीत दिलेला होकार तुम्ही शेवटचा कधी पाळला? उत्तर मिळेपर्यंत दर रविवारी विचारत राहा.