शोकेसमधली वाइन

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये तीन वस्तूंची जागा फिक्स होती. माझी वक्तृत्व स्पर्धेची ढाल, शिंपल्यांचा गणपती आणि रेड वाइनची एक बाटली.

मामा मर्चंट नेव्हीत. मी दहावी झाले तेव्हा तो फ्रान्सहून ती घेऊन आला. लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘बोर्डो’. आमच्याकडे कुणीच पीत नाही, त्यामुळे आईने आधी नाक मुरडलं. पण बाबांनी जाहीर करून टाकलं, “ही ग्रॅज्युएट झाली की उघडायची. वाइन जेवढी जुनी, तेवढी भारी!” मग ती बाटली सहा वर्षं डोंबिवलीच्या उन्हाळ्यात, ट्यूबलाइटखाली, ढालीशेजारी उभी राहिली. आई दर दिवाळीला ती न चुकता पुसायची.

माझा रिझल्ट लागला त्या रात्री बाबांनी ती उघडली. बूच निम्म्यात तुटलं. ग्लासात जे पडलं त्याचा रंग चिंचेच्या कोळासारखा होता. वास शिजवलेल्या मनुकांचा आणि मागून व्हिनेगरचा. बाबांनी एक घोट घेतला, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “अशीच लागत असेल गं. आपल्याला कुठे कळतंय त्यातलं?”

काहीतरी चुकलंय एवढं मला तेव्हाही कळलं होतं. काय चुकलं ते मात्र कळलं या वर्षी, जेव्हा एका असाइनमेंटसाठी मुंबईतल्या वाइन टेस्टिंगला गेले. तिथे समोर आली जेमतेम तीन वर्षांची बोर्डोची रेड वाइन. पहिला घोट घेतला आणि जीभ चक्क टाळूला चिकटली! शेजारचे जाणकार मात्र माना डोलावत होते, ‘ही ठेवण्यासारखी आहे.’ तोंड वाकडं करायला लावणारी वाइन भारी कशी? या एका प्रश्नाचा पाठलाग करताना बाबांच्या बाटलीचं उत्तरही सापडलं.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी क्लिअर करू. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. आणि टेस्टिंग म्हणजे पिणं नव्हे. तिथे टेबलावर चक्क थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि प्रोफेशनल मंडळी प्रत्येक घोट त्यातच टाकतात. तुम्हाला प्यायची नसेल तरी हे वाचायला हरकत नाही. न पिणाऱ्यांच्या घरातल्या बाटल्याच शोकेसमध्ये जास्त असतात!

नदीच्या दोन काठांवर

बोर्डो हे फ्रान्सच्या नैऋत्येचं, गारोन नदीवरचं शहर. पुढे गारोनला दोर्दोन्य नदी मिळते आणि दोघींची मिळून जिरोंद ही खाडी तयार होते. या पाण्याच्या डावीकडे मेदोक हा भाग. जमीन गोट्या-खड्यांची, पाणी झटकन निचरून जाणारी. इथे राज्य कॅबर्ने सॉव्हिन्यॉं या द्राक्षाचं. उजवीकडे सेंट एमिलिऑन आणि पोमरॉल. तिथे चिकणमाती आणि चुनखडी जास्त, म्हणून मर्लो हे द्राक्ष जोरात. बोर्डोची रेड वाइन सहसा एकाच द्राक्षाची नसते. कॅबर्ने कणा देते, मर्लो मऊपणा देते, जोडीला कॅबर्ने फ्रां वगैरे मंडळी असतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षं खुडतात. (आपल्या नाशिकची वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतात.) चांगल्या वाइनरीत मग ती वाइन २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त मुरते. एका पिंपातून साधारण ३०० बाटल्या निघतात.

यातला सगळ्यात भन्नाट प्रकार म्हणजे ‘आं प्रिमर’. द्राक्षं खुडल्यावर पुढच्याच वसंतात जगभरचे व्यापारी आणि समीक्षक बोर्डोत येतात आणि पिंपातली अर्धीकच्ची वाइन चाखून मार्क देतात. त्यानंतर किंमत ठरते, पैसे भरले जातात आणि बाटली हातात येते साधारण दोन वर्षांनी. थोडक्यात, डिग्री हातात येण्याआधीच कॅम्पस प्लेसमेंट! रॉबर्ट पार्कर हा अमेरिकन समीक्षक मोठा झाला तोच इथे. १९८२ची वाइन कोवळी असतानाच ‘ही ग्रेट आहे’ असं तो ठामपणे म्हणाला आणि काळाने त्याला बरोबर ठरवलं.

म्हणजे कोवळी वाइन चाखताना जाणकार आजची चव शोधतच नसतात. ही पुढे काय होऊ शकते, याचा ते अंदाज घेत असतात.

तुरट म्हणजे वाईट नाही

जीभ टाळूला चिकटवणाऱ्या त्या गोष्टीचं नाव टॅनिन. द्राक्षाची साल, बिया आणि ओकचं लाकूड यातून ते वाइनमध्ये उतरतं. कॅबर्नेचं द्राक्ष छोटं, जाड सालीचं, म्हणून त्यात टॅनिन भरपूर. हे टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, तोंडातला ओशटपणा जातो आणि सगळं कोरडं, खरखरीत वाटायला लागतं.

इथे मराठी माणसाला आयता फायदा आहे. ‘तुरट’ हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. जांभूळ, सुपारी, कोरा कडक चहा, सगळं खाऊन-पिऊन आपण मोठे झालोय. त्याच चहात दूध घाला, तुरटपणा लगेच कमी होतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. कोवळ्या बोर्डोबरोबर चीज किंवा मटण का देतात, त्यामागेही हाच फंडा आहे.

हे टॅनिनच वाइनला वर्षानुवर्षं टिकायला मदत करतं. बाटलीत हळूहळू त्याचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. वाइन मऊ होते. जांभळट लाल रंग विटकरी होत जातो. ताज्या फळांचा वास मागे पडून चामडं, तंबाखू, पावसाळ्यातल्या जंगलातली ओली पानं असे वास पुढे येतात.

पाच मिनिटांची परीक्षा

समोर कोवळी बोर्डो आली तर काय करायचं? मला शिकवलं ते असं.

१. आधी थंडावा बघा. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला द्या’ म्हणतात, पण ती रूम युरोपातली! बोर्डोला १६ ते १८ अंश पुरे. आपल्या ३२ अंशांत बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

२. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेला जांभळी छटा असेल तर वाइन तरुण. विटकरी असेल तर वय झालेलं. तरुण वाइनच्या कडा तपकिरी दिसल्या तर काहीतरी गडबड आहे.

३. ग्लास गोल फिरवा आणि वास घ्या. कॅबर्नेत ब्लॅककरंट सापडतं. हे फळ आपण बघितलेलं नसतं, पण त्याचं आइस्क्रीम खाल्लेलं असतं! त्यामागे देवदाराचं लाकूड आणि नुकती टोक काढलेली शिसपेन्सिल. खोटं वाटेल, पण जगभरचे जाणकार बोर्डोसाठी पेन्सिलचाच दाखला देतात. मला तिसरीतला कंपास आठवला. ढोबळी मिरचीचा वास जोरात आला तर कॅबर्ने पुरतं पिकलेलं नव्हतं असं समजा.

४. घोट घ्या, तोंडभर फिरवा. तीन गोष्टी तपासा. टॅनिन बारीक आहे की भुशासारखं टोचतंय? आंबटपणामुळे तोंडाला पाणी सुटतंय का? आणि या दोघांच्या गर्दीत फळाची चव टिकून आहे का?

५. घोट टाका किंवा गिळा आणि मनात आकडे मोजा. दोन-तीनमध्येच चव गायब झाली तर वाइन साधी. दहाच्या पुढेही फळ जिभेवर रेंगाळलं तर तिच्यात दम आहे.

आणखी एक घरगुती चाचणी. अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती जास्त मऊ, जास्त छान लागली तर त्या वाइनला भविष्य आहे असा ढोबळ अंदाज बांधता येतो. ढेपाळली, तर उरलेल्या बाटल्या लवकर संपवलेल्या बऱ्या. आणि थांबायला वेळच नसेल तर वाइन रुंद तोंडाच्या जगमध्ये ओतून तास-दोन तास ठेवा. हवा लागली की तीही जरा सैलावते.

अढीत काय घालायचं?

आता बाबांच्या पहिल्या चुकीकडे येऊ. आपल्याकडे आंब्याची अढी लावतात. गवतात नीट रचून ठेवलेला आंबा आठवड्याभरात घमघमायला लागतो. पण आजी काय सांगते? झाडावर ‘तयार’ झालेला आंबाच अढीत पिकतो. कोवळी कैरी घातली तर ती सुरकुतते, पिकत नाही. अढी आंब्यात नवीन काही घालत नाही. जे आत आहे तेच बाहेर आणते.

वाइनचंही तसंच. बोर्डोचं नाव मोठं असलं तरी तिथली बहुतेक वाइन काही वर्षांतच पिऊन टाकायला बनवलेली असते. लेबलवर नुसतं ‘बोर्डो’ लिहिलेली साधी बाटली साधारण तीन ते पाच वर्षांत संपवावी. मेदोक किंवा सेंट एमिलिऑनमधली चांगली वाइन आठ-दहा वर्षं तग धरते. वीस-तीस वर्षं टिकणाऱ्या वाइन आहेत, पण त्या मूठभर नामवंत शातोंच्या. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोकच्या वाइनची श्रेणी ठरवली गेली. लाफित, लातूर, मार्गो आणि (मेदोकबाहेरची एकमेव) ओ-ब्रियों या चौघी पहिल्या वर्गात बसल्या. नंतर १९७३ मध्ये मूतों रोथशिल्डला तिथे बढती मिळाली. म्हणजे त्या पंगतीत बसायला तिला ११८ वर्षं लागली!

सालसुद्धा बघावं लागतं. २०१३ हे बोर्डोत थंड-पावसाळी, कमजोर साल. २०१६ मात्र दमदार, थांबायला लावणारं. शातो तोच, द्राक्षं तीच, तरी दोन बाटल्यांचं आयुष्य वेगळं.

मामाच्या बाटलीवर कुठल्याही गावाचं नाव नव्हतं. फक्त ‘बोर्डो’. ती आणली त्याच वर्षी उघडली असती तर मस्त लागली असती.

आपलं घर म्हणजे तळघर नाही

दुसरी चूक जागेची. वाइन मुरवायची तर चार गोष्टी लागतात. १२-१३ अंशांच्या आसपासचं, न बदलणारं तापमान. अंधार. हवेत पुरेसा ओलावा. आणि बाटली आडवी, म्हणजे बूच आतून ओलं राहतं. उभ्या बाटलीचं बूच वाळून आक्रसतं, हवा आत शिरते आणि पुढचं काम ती हवा करते. युरोपातल्या दगडी तळघरांत हे सगळं फुकटात मिळतं. आमच्या शोकेसमध्ये चारही गोष्टी नेमक्या उलट होत्या.

उष्णतेत वाइन लवकर मुरत नाही, लवकर बिघडते. ताज्या फळाचा वास जाऊन शिजवलेल्या फळाचा येतो. म्हणून किचनमधला माळा, फ्रिजच्या वरची जागा, खिडकीजवळचं कपाट, सगळं बाद. काही महिन्यांचाच प्रश्न असेल तर फ्रिजचा भाजीचा कप्पा चालेल. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर तापमान राखणारं वाइनचं वेगळं फ्रिज हवं. ते नसेल, तर सरळ बाटली उघडा. आणि चाखायचा सरावच करायचा असेल तर आयात शुल्काने महागलेली बोर्डो कशाला? नाशिकची कॅबर्नेही तुरटपणा, फळ आणि ढोबळी मिरची ओळखायला छान शिकवते.

पुढची बाटली

हे सगळं मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तेव्हा ती चांगली होती?”

मी ‘हो’ म्हणाले. ते थोडे खट्टू झाले. मलाही वाईट वाटलं. पण खोटं काय सांगणार? ‘आपल्याला कुठे कळतंय’ असं म्हणून त्यांनी दोष स्वतःच्या जिभेला दिला होता. जीभ बरोबरच सांगत होती. बिघडली होती ती वाइन.

मागच्या महिन्यात मामा पुन्हा आला. बोर्डोचीच बाटली, तीन वर्षांची. बाबांचा हात सवयीने शोकेसकडे गेला आणि मध्येच थांबला. “ही ठेवायची की प्यायची?” त्यांनी मला विचारलं. लेबल बघितलं. साधी बोर्डो. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, मग उघडली आणि स्टीलच्या जगमध्ये तासभर ओतून ठेवली. आईने बाजूला चीज क्यूब्ज ठेवले. बाबांनी घोट घेतला, तोंड जरा वाकडं केलं, मग एक क्यूब तोंडात टाकून दुसरा घोट घेतला.

“जांभळासारखी तुरट लागते की गं,” ते म्हणाले. “पण छान आहे.”

निमित्त काय होतं? काहीच नाही. साधा मंगळवार होता.

तुमच्याही घरात अशी एखादी बाटली असेल, कुणाच्या तरी लग्नासाठी किंवा तुमच्या पहिल्या पगारासाठी राखून ठेवलेली. आज घरी गेलात की तेवढं लेबल वाचा. ती तयार आंबा आहे की नाही ते बघा, आणि तुमच्या घरात अढी आहे का तेही. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर पहिल्या पगाराची वाट बघू नका.