सुट्टीपुरता परदेश



परदेशी शिकायला गेलेला एखादा मुलगा किंवा मुलगी आता तालुक्याच्या गावीही आढळते. पण शिकायला नव्हे आणि कायमच्या नोकरीलाही नव्हे, नुसत्या सुट्टीपुरतं परदेशी जायचं, तिथं काम करायचं, चार गावं पाहायची आणि कॉलेज उघडायच्या आत घरी परतायचं, असाही एक रस्ता आहे. अमेरिकेत या योजनेला ‘समर वर्क ट्रॅव्हल’ म्हणतात. तिच्यासाठी मिळणारा व्हिसा ‘जे-१’ वर्गातला असतो.

या वर्गाचं मूळ १९६१ सालच्या एका कायद्यात आहे. सिनेटर फुलब्राइट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. देशोदेशीच्या माणसांची एकमेकांशी ओळख वाढावी, हा त्याचा हेतू. म्हणजे कागदावर हा मजुरांचा व्हिसा नाही, पाहुण्याचा आहे. पण पाहुणा हॉटेलात खोल्या झाडतो, आइस्क्रीम विकतो, पोहण्याच्या तलावावर पहारा करतो, आणि मालकाला हंगामापुरते हात मिळतात. मेरीलँडमधलं ओशन सिटी किंवा विस्कॉन्सिनमधलं डेल्स, ही सहलीची गावं उन्हाळ्यात अशा विद्यार्थ्यांनी गजबजतात. आता पाहुणा आणि मजूर ही दोन्ही नाती एकाच माणसाच्या वाट्याला आली, की कुठं तरी ताण पडायचाच.

नियम थोडक्यात असे. विद्यार्थी आपल्या देशातल्या कॉलेजात पूर्ण वेळ शिकणारा हवा आणि त्याचं निदान एक सत्र पुरं झालेलं हवं. कामापुरतं इंग्रजी यायला हवं. मुदत जास्तीत जास्त चार महिने, तीही त्याच्या मोठ्या सुट्टीतली. त्यानंतर ३० दिवस हिंडता येतं. पण त्या दिवसांत काम करता येत नाही. कोणत्या देशाच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या तारखांत यायचं, हे देशागणिक ठरवून दिलेलं असतं. म्हणून पहिली चौकशी मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीकडे करावी, दलालाकडे नव्हे.

मधला दुवा असतो पुरस्कर्त्या संस्थेचा. तिला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मान्यता लागते. ती ‘डीएस-२०१९’ नावाचा फॉर्म देते. तो हाती आल्यावर वकिलातीत मुलाखत होते आणि मग व्हिसा. भारतासारख्या, ज्यांना व्हिसाची माफी नाही अशा देशांतल्या विद्यार्थ्याची नोकरी निघण्यापूर्वीच ठरलेली असावी लागते, आणि ती खरी आहे याची खात्री संस्थेने करून घ्यायची असते. ‘तिकडं पोचल्यावर बघू काम’ असं कोणी म्हणाला, तर तिथंच सावध व्हावं.

आता पैशांचं पाहू. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेली किमान मजुरी २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पुष्कळ राज्यांत ती जास्त आहे. समजा, हीच किमान मजुरी आहे आणि आठवड्याला ३२ तास काम मिळालं. आठवड्याचे झाले २३२ डॉलर. खोलीभाडं १०० आणि खाणंपिणं ६० धरलं, तर हाती ७२ उरतात. बारा आठवड्यांचे ८६४. त्यातून थोडाफार आयकर जाईल. आणि विमानाचं भाडं, विमा, संस्थेची फी हे सगळं तर आधीच घरून भरलेलं असतं! तेव्हा कमाईच्या आशेनं जमीन तारण ठेवणं, हा हिशेब बसत नाही.

ऊसतोडणीची रीत आपल्याला ठाऊक आहे. तिथं मुकादम उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. इथं उलट आहे. विद्यार्थीच आगाऊ पैसे भरतो. पण कर्ज काढून भरले, तर बांधला जातो तोही. काम अंगावर आलं तरी ‘नको’ म्हणायची त्याची हिंमत होत नाही.

हे नुसतं भय नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पामायरा येथे चॉकलेटच्या एका गोदामात चीन, तुर्कस्तान, युक्रेन आदी देशांतल्या विद्यार्थ्यांनी काम बंद केलं. जड खोकी उचलणं, रात्रीच्या पाळ्या आणि पगारातून कापलं जाणारं घरभाडं, या त्यांच्या तक्रारी होत्या. पाहुणे म्हणून बोलावलेल्या मुलांनी रस्त्यावर येऊन घोषणा दिल्या, तेव्हा देशभर बोभाटा झाला. २०१२ साली नियम कडक झाले. गोदाम, कारखाना, बांधकाम आणि शेती ही कामं बंद झाली. मुख्यतः रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातलं काम, घरगुती नोकराचं काम, वाहन चालवणं, हीही वर्ज्य ठरली. संस्थेने दर महिन्याला विद्यार्थ्याची खबर घ्यावी, असंही ठरलं. बोलणाऱ्या मुलांमुळे पुढच्यांची वाट थोडी सोपी झाली, असंच म्हणायला हवं.

शिक्षकबंधूभगिनींना एक विनंती. गावात इंग्रजी कागद वाचून दाखवणारे बहुधा तुम्हीच असता. असा कागद कोणी घेऊन आला, तर चार गोष्टी पाहा. संस्थेचं नाव परराष्ट्र खात्याच्या यादीत आहे काय? कामाचं ठिकाण, तास आणि मजुरी स्पष्ट लिहिली आहे काय? खर्चाची बाबवार फोड दिली आहे काय? राहण्याची सोय काय आणि तिचं भाडं किती? आणि मुलांना दोन गोष्टी बजावून सांगा. पासपोर्ट आपल्याच जवळ ठेवायचा. मालकाला तो अडकवून ठेवता येत नाही. आणि वकिलातीत हक्कांची जी पुस्तिका देतात, ती फेकून द्यायची नाही. मदतीसाठी फोन कुठं करायचा, ते तिच्यात छापलेलं असतं.

जग पाहण्याची हौस चांगलीच. चार देशांची मुलं एका खोलीत राहतात, एका चुलीवर रांधतात, आणि परत येताना पैशांहून जास्त काही तरी घेऊन येतात. पण ते पदरी पडायचं, तर मूल घरून निघताना कर्जाच्या ओझ्यानं वाकलेलं नसावं. कागद नीट वाचलेला असावा, आणि परतीचं तिकीट खिशात असावं.