जुनी लष्करी रायफल संग्रही ठेवायची तर...

जालना : भोकरदन तालुक्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज व मराठे यांच्यात निर्णायक लढाई झाली. अशा जिल्ह्यात जुन्या लष्करी शस्त्रांविषयी कुतूहल असणे स्वाभाविक आहे. मात्र शस्त्र केवळ जुने आहे म्हणून ते कायद्यातून सुटत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सूट दुरुस्तीनंतरही झाडता न येणाऱ्या पुरातन शस्त्रालाच आहे.

संग्राहकांना भुरळ पडते ती दोन्ही महायुद्धांत वापरलेल्या .३०३ ली-एनफिल्डची. परंतु हा बोअर प्रतिबंधित असल्याने सर्वसामान्य नागरिकाला ती घेता येत नाही. बेकायदा बाळगल्यास ७ ते १४ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. तिच्याच धाटणीचा खटका असलेली, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल हा कायदेशीर पर्याय ठरतो.

त्यासाठी परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे; पोलिसांचा अहवालही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात व वारशाने आलेली बंदूकही त्यातच मोजली जाते. त्यामुळे आजोबांची बंदूक घरी असणाऱ्याने नव्या खरेदीपूर्वी हा हिशेब करावा. वारसाला स्वतःच्या नावे परवाना घ्यावा लागतो.

जुनी रायफल घेताना तिच्यावरील क्रमांक विक्रेत्याच्या कागदपत्रांशी ताडून पाहावा. क्रमांक खोडलेला दिसल्यास किंमत कितीही कमी असली तरी व्यवहार टाळावा.