इशाऱ्याचा शेवटचा टप्पा

आपत्तीच्या प्रसंगी तंत्रविद्येचे साहाय्य कसे घ्यावे, याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा भूकंपलेखक, उपग्रह व संगणक यांकडे वळते. परंतु तयार झालेला इशारा किनाऱ्यावरील माणसाच्या कानापर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न अधिक बिकट आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्राच्या पश्चिमेस समुद्रतळाशी भूकंप झाला. अवघ्या पंधरा मिनिटांत हवाई बेटांवरील पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्राने आपले पहिले पत्रक काढले. त्यात भूकंपाचे मान ८.० दिले होते (पुढे ते ९.१ ठरले) व पॅसिफिक महासागरास धोका नसल्याचे म्हटले होते. हिंदी महासागराकरिता तेव्हा अशी यंत्रणाच नव्हती. तामिळनाडूचा किनारा गाठावयास लाटेला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तरीही भारतात दहा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. वेळ होता, तो वापरण्याचा मार्ग नव्हता.

पुद्दुचेरीजवळील नल्लवाडू हे मच्छीमारांचे गाव मात्र वाचले. गावाच्या एका तरुणाने सिंगापुरात दूरचित्रवाणीवर त्सुनामीची बातमी पाहिली व घरी दूरध्वनी केला. गावात एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने चालणारे ज्ञानकेंद्र होते. महाजालावरून लाटांच्या उंचीची माहिती मिळवून ती ध्वनिक्षेपकावरून मच्छीमारांना ऐकविणे, हा त्या केंद्राचा नित्यक्रम होता. गावकऱ्यांनी केंद्राचे दार फोडून त्याच ध्वनिक्षेपकावरून घोषणा केली. घरे गेली, होड्या गेल्या. मनुष्यहानी मात्र झाली नाही. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की, हा ध्वनिक्षेपक काही त्सुनामीसाठी बसविलेला नव्हता. त्याच्या आवाजावर विसंबून होडी समुद्रात लोटावी की नाही हे ठरविण्याची लोकांना सवय होती, म्हणूनच त्या सकाळी कोणी शंका काढीत बसले नाही.

२००७ मध्ये हैदराबाद येथे भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले आणि इशारा तयार करण्याची उणीव पुष्कळशी भरून निघाली. शेवटच्या टप्प्यासाठी भ्रमणध्वनी हे साधन सर्वांना सुचते. परंतु संकटकाळी सर्वच जण एकमेकांना दूरध्वनी करू लागतात आणि जाळे तुंबते. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर जपानमधील एका मोठ्या कंपनीला ध्वनिसंभाषणांवर नव्वद टक्क्यांपर्यंत निर्बंध घालावे लागले होते. ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धतीत ही अडचण टळते. तीत प्रत्येक क्रमांकास निराळा संदेश जात नाही. मनोऱ्याच्या टापूतील सर्व यंत्रे एकच सामाईक प्रक्षेपण ऐकतात. दहा माणसे असोत वा दहा हजार, जाळ्यावरील भार तोच. शिवाय कोणाचाही क्रमांक ठाऊक असावा लागत नाही. २०२३ मध्ये भारतात तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा ‘या संदेशाकडे दुर्लक्ष करावे’ असे त्या संदेशातच लिहावे लागले होते. नल्लवाडूच्या नित्य घोषणेशी याची तुलना करून पाहण्याजोगी आहे.

अर्थात मनोऱ्याची वीज गेली की हा उपायही संपतो, आणि खोल समुद्रात तर मनोराच नसतो. २०१९ मध्ये आलेले ‘जेमिनी’ हे उपकरण त्यासाठीच आहे. ते उपग्रहाकडून संदेश घेऊन होडीवरील भ्रमणध्वनीकडे देते. वादळाच्या इशाऱ्याबरोबरच मासे कोठे मिळण्याचा संभव आहे हेही त्यावर कळते. आणि एरवीही हाताळले जाण्यास एवढे कारण पुरेसे आहे. मात्र ते एकतर्फी आहे. बुडणाऱ्या होडीची हाक त्यातून किनाऱ्यास येत नाही. ती हाक पाठविणाऱ्या व ‘मदत निघाली’ असे प्रत्युत्तरही होडीवर आणून देणाऱ्या संकटसूचक यंत्राची दुसरी पिढी इस्रोने २०२४ मध्ये पुढे आणली.