कुटुंबदिन आणि ओल्मेक मूर्तींची मांडणी

ओल्मेक कलेचे नाव काढताच बसॉल्ट दगडात कोरलेली प्रचंड मस्तके डोळ्यांपुढे येतात. मेक्सिकोच्या आखातालगतच्या सखल प्रदेशात अशी सतरा मस्तके आजवर उजेडात आली आहेत. २०१० साली लॉस एंजेलिस येथे व पुढील वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या ओल्मेक प्रदर्शनातही त्यांस मानाचे स्थान होते. अशा प्रदर्शनांस जोडून अमेरिकेतील संग्रहालये कुटुंबदिन भरवितात. मुले मातीचे मुखवटे घडवितात, पालक हौसेने हातभार लावतात. या आनंदास आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु सुट्या मुखवट्यावरून या कलेविषयी जी समजूत रुजते, ती अपुरी असते. संदर्भावेगळ्या चेहऱ्याने पूर्वी केवढा गोंधळ माजविला आहे! होसे मेल्गार यांनी १८६९ साली पहिल्या मस्तकाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा केवळ चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यास ‘इथिओपियन’ ठरविले. उत्खननांतून या कल्पनेस कोणताही आधार मिळालेला नाही. तरी ती अद्यापि अधूनमधून डोके वर काढते.

याउलट, ला व्हेन्ता येथील चौथ्या क्रमांकाचे अर्पण पाहावे. १९५५ साली ड्रकर, हायझर व स्क्वायर यांच्या उत्खननात जमिनीखाली उभ्या स्थितीतील सोळा लहान पुरुषमूर्ती सापडल्या. बहुतेक मूर्ती जेड व सर्पेंटाइन या दगडांच्या, एक मात्र खडबडीत, भरड दगडाची. मागे कुऱ्हाडीच्या पात्यांसारखे सहा उंच पाषाण उभे होते. भरड दगडाची मूर्ती त्यांच्याकडे पाठ करून उभी, आणि इतर मूर्ती तिच्या समोर जमलेल्या. विशेष नवल पुढेच आहे. हा समूह पुरून त्यावर रंगीत मातीचे थर दिल्यानंतर काही काळाने कोणी तरी नेमक्या त्याच जागी, मूर्तींची मस्तके दिसतील इतकाच खड्डा खणला व पुन्हा बुजविला. एकही मूर्ती हलविली नाही. म्हणजे जागेची आठवण लोकांत टिकून होती. अर्थ एकेका मूर्तीत नव्हता, तो मांडणीत होता, असे आम्हांस वाटते.

मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात हा समूह सापडला त्याच रचनेत ठेवलेला आहे. कुटुंबदिनी नेमके हेच करता येण्यासारखे आहे. मुखवट्याऐवजी मुलांपुढे मातीच्या सोळा बाहुल्या व सहा पट्ट्या ठेवाव्या, आणि एका बाहुलीची माती मुद्दाम निराळी असावी. ती कोण? न्यायासनापुढील आरोपी, दीक्षार्थी, की सभेचा प्रमुख? अभ्यासकांतही याविषयी एकमत नाही, हे मुलांस मोकळेपणाने सांगावे. मग वाळूने सर्व झाकून, मधल्या बाहुलीचे डोके कोठे आहे ते आठवून, तेवढेच उकरून पाहावे.